कलागुरू नंदलाल बोस : मुलांना पाहायला शिकवणारा शिक्षक

शाळेतील कोणत्याही वर्गाला निसर्गचित्र काढायला सांगितले, की बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून खाली येणारी निळी नदी, काठावर कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. विदर्भ-मराठवाड्यातील ज्या मुलाने नारळाचे झाड क्वचितच पाहिले असेल, तेही हेच झाड काढते. ज्या कडुनिंबाच्या सावलीत ते रोज ताट घेऊन बसते, तो कडुनिंब मात्र त्याच्या चित्रात येत नाही. त्याच्या हातात कसब असते, रंगही असतात. समोरचे झाड पाहण्याची सवय मात्र त्याला कोणी लावलेली नसते.

मुलांना पाहायला कसे शिकवावे, हा प्रश्न ज्या थोड्या भारतीय कलावंतांनी आयुष्याचे कार्य म्हणून स्वीकारला, त्यांत आचार्य नंदलाल बोस यांचे स्थान फार मोठे आहे. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीवरील चित्रांमुळे त्यांचे नाव आपल्या समाजाला परिचित आहे. परंतु ती चित्रे हा त्यांच्या कार्याचा अखेरचा टप्पा होता. त्यामागे तीन दशकांची शिक्षकी होती, झाडाझुडपांशी आणि गुराढोरांशी जडलेले आयुष्यभराचे सख्य होते, आणि अगदी आरंभी अजिंठ्याच्या लेण्यांत काढलेला एक हिवाळा होता. निवासी शाळेतील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना या जीवनातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

बालपण आणि परीक्षांतील अपयश

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातील खडगपूर या गावी झाला. कुटुंब मूळचे बंगालचे. वडील पूर्णचंद्र बोस दरभंगा संस्थानाच्या सेवेत असल्याने मुलाचे बालपण बिहारच्या मातीत गेले. आई क्षेत्रमणीदेवी यांच्या बोटांत कला होती. त्या घरच्या घरी बाहुल्या आणि खेळणी घडवीत. नंदलाल अवघ्या आठ वर्षांचे असताना आई गेली. आईच्या हातांनी जे दाखवले होते, ते पुढे त्यांनी गावातील कुंभार, मूर्तिकार आणि खेळणी करणाऱ्या कारागिरांकडे शोधले. त्यांच्याजवळ बसून माती कशी मळतात, चाक कसे फिरते, सणासाठी मूर्तीला आकार कसा येतो, हे तो मुलगा तासन्‌तास पाहत असे. त्यांचे पहिले गुरू हे असे निरक्षर, पण हाताने शहाणे असलेले लोक होते.

पंधराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. शालेय शिक्षण कसेबसे पूर्ण झाले. महाविद्यालयात मात्र त्यांचे पाऊल पुढे पडेना. परीक्षेत अपयश आले, महाविद्यालय बदलले, पुन्हा अपयश आले. घरच्यांच्या समाधानासाठी वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला, तेथेही मन रमले नाही. १९०३ साली सुधीरादेवींशी विवाह झाला होता आणि संसाराची जबाबदारी समोर दिसत होती. अशा वेळी चित्रकला शिकण्याचा हट्ट धरणे म्हणजे पोटाचा प्रश्न बाजूला सारणे होते. नंदलालांनी तो धोका पत्करला. अखेर घरच्यांनी संमती दिली आणि ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले.

तेथे अवनींद्रनाथ टागोर शिकवीत होते. इंग्रज प्राचार्य ई. बी. हॅवेल यांनी त्या शाळेत एक मोठा बदल घडवून आणला होता. तोवर युरोपीय चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकला करणे म्हणजेच कलाशिक्षण मानले जाई. हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांनी विद्यार्थ्यांचे लक्ष भारतीय लघुचित्रांकडे, भित्तिचित्रांकडे आणि शिल्पांकडे वळवले. परीक्षेत वारंवार नापास झालेला हा तरुण येथे सर्वांच्या पुढे गेला. प्राच्य कलेच्या प्रदर्शनात शिव आणि सती या विषयावरील चित्राबद्दल त्यांना ५०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. नंदलालांनी ती खर्च केली भारतभ्रमणावर. देशातील जुनी मंदिरे, शिल्पे आणि त्यांच्या आसपास जगणारी माणसे आपल्या डोळ्यांनी पाहून यावीत, ही त्या प्रवासामागची ओढ होती.

अजिंठ्याचा हिवाळा

१९०९ च्या अखेरीस नंदलालांच्या आयुष्यात आपल्या महाराष्ट्राची भूमी आली. इंग्लंडमधील चित्रकर्ती लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. ओल, धूर, वटवाघळे आणि माणसांचा निष्काळजीपणा यांमुळे ती चित्रे झपाट्याने नष्ट होत होती. या कामासाठी भारतीय तरुण चित्रकारांनी गेलेच पाहिजे, असा आग्रह भगिनी निवेदिता यांनी धरला. त्यांच्या प्रेरणेने नंदलाल, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे कलकत्त्याचे विद्यार्थी अजिंठ्याला आले. हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन हे चित्रकारही या कामात होते. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. फर्दापूरजवळ तंबू पडले होते. तेथून वाघोरा नदीच्या दरीतून लेण्यांपर्यंत जायचे आणि अंधुक प्रकाशात भिंतीवरची एकेक रेषा कागदावर उतरवायची, असा त्यांचा दिनक्रम होता.

नक्कल करणे हे काम अनेकांना कमी प्रतीचे वाटते. परंतु एका भिंतीसमोर दिवसच्या दिवस उभे राहिल्यावर चित्रकाराला जे दिसते, ते पर्यटकाला कधीच दिसत नाही. त्या भिंतींवर तथागतांचे जीवन आहे, बोधिसत्त्वाच्या जातककथा आहेत. आणि त्या कथांतून हत्ती, हरणे, हंस, माकडे यांचे एक विलक्षण जग उभे आहे. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात छद्दंत हत्तीची कथा आहे, आपल्या कळपासाठी स्वतःच्या देहाचा पूल करणाऱ्या महाकपीची कथा आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांच्या तळ्यातून धावणारा हत्ती आहे. जातककथांत बोधिसत्त्व पशुपक्ष्यांच्या रूपाने जन्म घेतो, म्हणून तेथील प्राणी हे शोभेचे प्राणी नाहीत. ज्या भिक्खूंनी आणि कारागिरांनी ते रंगवले, त्यांनी प्रत्येक प्राण्याच्या ठायी करुणेची शक्यता पाहिली होती. हत्तीची सोंड कशी वळते, हरीण बिचकले म्हणजे मान कशी उचलते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. असे ज्ञान निवांतपणे आणि मैत्रभावाने पाहिल्याशिवाय येत नाही.

नंदलालांच्या पुढील चित्रांतील सजीव आणि लवचीक रेषेचे एक मूळ अजिंठ्यात आहे, याविषयी कलासमीक्षकांत दुमत नाही. त्या प्रतिकृती १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढे १९२१ मध्ये नंदलालांनी माळव्यातील बाघ येथील बौद्ध लेण्यांच्या भित्तिचित्रांच्याही प्रतिकृती केल्या. नंदलाल धर्माने बौद्ध नव्हते. त्यांची श्रद्धा रामकृष्ण परमहंसांच्या ठायी होती. तरीही बौद्ध कलेने त्यांना जे दिले, त्याचे ऋण त्यांच्या कामात शेवटपर्यंत दिसत राहिले.

शहर सोडून माळरानावर

याच सुमारास त्यांना आणखी एक दिशा मिळाली. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो १९१२ साली दुसऱ्यांदा भारतात आले असता तरुण चित्रकारांशी बोलले. काडेपेटीतील तीन काड्यांचा त्रिकोण मांडून त्यांनी कलेची तीन अंगे समजावून सांगितली : निसर्ग, परंपरा आणि स्वतःची प्रतिभा. एक काडी काढली तर त्रिकोण मोडतो. केवळ परंपरा धरली तर कला निर्जीव होते, केवळ निसर्गाची नक्कल केली तर ती उथळ होते, आणि केवळ स्वतःच्या लहरीवर विसंबले तर ती भरकटते. नंदलालांनी ही शिकवण आयुष्यभर सांभाळली आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवली.

रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये बीरभूम जिल्ह्यातील शांतिनिकेतन येथे मुलांची निवासी शाळा सुरू केली होती. झाडाखाली वर्ग भरत. १९१९ साली तेथे कलाभवनाची स्थापना झाली आणि रवींद्रनाथांनी नंदलालांना बोलावून घेतले. निर्णय सोपा नव्हता. कलकत्त्यात गुरू अवनींद्रनाथ होते, प्रदर्शने होती, चित्रांना मागणी होती, मिळालेली प्रतिष्ठा होती. शांतिनिकेतनात लाल मुरमाड माळ, ताडाची झाडे, पावसाने कापलेल्या घळी, कोपाई नदी आणि आसपास संथाळ आदिवासींची गावे. मध्यंतरी गुरूंच्या इच्छेवरून काही काळ कलकत्त्याला परतावे लागले. तथापि अखेरीस त्यांनी माळरानच निवडले. १९२२ पासून कलाभवनाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती वाहिली. तेथील लहानथोर सारे त्यांना मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, एवढ्याच नावाने हाक मारीत.

या स्थलांतराने त्यांची चित्रकलाही बदलली. आरंभीच्या काळात पुराणकथा आणि इतिहास हे त्यांचे मुख्य विषय होते. शांतिनिकेतनात समोरचे जग त्यांच्या कागदावर उतरू लागले : शेळ्या, बैल, ताडाची रांग, पावसाळी ढगांखालून चाललेल्या संथाळ स्त्रिया, शेतात वाकलेली माणसे. १९२४ साली रवींद्रनाथांसमवेत त्यांनी चीन आणि जपानचा प्रवास केला. तेथील शाईच्या चित्रांत थोड्या रेषांनी खूप काही सांगण्याची जी रीत होती, ती त्यांना फार जवळची वाटली. उत्तरायुष्यात त्यांनी काळ्या शाईने काढलेली असंख्य निसर्गचित्रे याची साक्ष देतात. खिशात कोरी कार्डे बाळगावीत, जे दिसेल ते चार रेषांत टिपावे आणि ते कार्ड पत्र म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला किंवा स्नेह्याला धाडून द्यावे, ही त्यांची सवय होती. चित्र ही चौकटीत बसवून जपायची वस्तू असते, तशीच ती रोजच्या टपालातून एखाद्याला दिलेली भेटही असू शकते, हे विद्यार्थ्यांना त्यांच्या वागण्यातूनच कळे.

शिकवण्याची रीत

नंदलालांची शिकवण्याची पद्धत आजच्या शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. कलाभवनाच्या आरंभीच्या काळात ठरावीक अभ्यासक्रमाचे आणि परीक्षेचे ओझे नव्हते. विद्यार्थ्याने बाहेर जावे, झाड, प्राणी, माणूस यांच्याजवळ थांबावे, त्यांची ठेवण आणि हालचाल ध्यानात घ्यावी. मग परत येऊन आठवणीतून चित्र काढावे, यावर त्यांचा भर असे. समोर पाहून काढताना डोळा तपशिलात गुंततो. आठवणीतून काढताना मनाने जे खरोखर ग्रहण केले तेवढेच कागदावर येते. आपल्याकडे एलिमेंटरी परीक्षेला बसणारी मुले स्मरणचित्राचा सराव करतात. त्या विषयाचा खरा अर्थ नंदलालांच्या या पद्धतीत आहे. जे कधी नीट पाहिलेच नाही, त्याचे स्मरण कोठून होणार?

झाड रेखाटताना कुंचला मुळापासून वर न्यावा, अशी त्यांची शिकवण होती. झाड जमिनीतून वर वाढते, म्हणून रेषेनेही तसेच वाढले पाहिजे. १९४० नंतरच्या काही वर्षांत कलाभवनात शिकलेले आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांच्याही आठवणीत हा धडा राहिला. वरवर ही सूचना तंत्राची वाटते; पण तिच्यात मोठा विचार आहे. झाड हा एक आकार आहे असे समजणारा मुलगा बाह्यरेषा काढतो आणि आत हिरवा रंग भरतो. झाड जिवंत आहे असे जाणणारा मुलगा त्याच्याबरोबर वाढत जातो. खोड कोठे जाड आहे, फांदी कोठे फुटली, वाऱ्याने कोणत्या बाजूला झुकली, हे त्याला शोधावे लागते.

दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन ते सहलीला निघत. बिहारमधील राजगीरसारख्या ठिकाणी मुक्काम पडे. तथागतांच्या पावलांनी पुनीत झालेल्या त्या डोंगरांत गुरू आणि शिष्य एकत्रच रेखाटने करीत. सण-समारंभांची सजावट, रांगोळ्या, नाटकांचे पोशाख, वसतिगृहाच्या भिंती, हे सारे शिक्षणाचाच भाग मानले जाई. १९२८ पासून शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव सुरू झाला. रोपट्याला मिरवत नेऊन लावण्याच्या त्या सोहळ्याला सौंदर्य देण्यात नंदलालांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आपण लावलेले झाड मोठे होताना पाहणारे मूल त्या झाडाचे चित्र वेगळ्या हाताने काढते.

आपल्या शैलीची छाप त्यांनी कोणावर लादली नाही. याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. रामकिंकर बैज हे बांकुडा येथील गरीब नाभिक कुटुंबातील मुलगा. १९२५ साली ते कलाभवनात आले आणि आधुनिक भारतीय शिल्पकलेचे अध्वर्यू ठरले. त्यांची वाट गुरूच्या वाटेहून अगदी निराळी होती; सिमेंट आणि खडी हे त्यांचे साहित्य. १९३५ साली त्यांनी उंच झाडांमध्ये एका सडपातळ स्त्रीची मूर्ती उभारली. नंदलालांनी ती पाहिली आणि तिच्या मस्तकावर खिरीचे पात्र ठेवण्याची सूचना केली. तेवढ्या बदलाने ती मूर्ती तपस्वी सिद्धार्थाला खीर अर्पण करायला निघालेली सुजाता झाली. शिष्याची निर्मिती तशीच ठेवून तिला अर्थ देणारी ती सूचना होती.

दुसरे उदाहरण विनोदबिहारी मुखर्जी यांचे. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू होती. एका डोळ्याने तर दिसतच नव्हते. असा मुलगा चित्रकला शिकू इच्छितो म्हटल्यावर नंदलालांच्या मनात शंका आली. तेव्हा रवींद्रनाथांनी, मुलगा मन लावून शिकत असेल तर त्याला त्याचा मार्ग शोधू द्यावा, असा सल्ला दिला. नंदलालांनी तो मानला. हा विद्यार्थी पुढे शांतिनिकेतनच्या भित्तिचित्रांचा एक श्रेष्ठ निर्माता झाला. उतारवयाकडे झुकताना त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरीही त्यांनी काम थांबवले नाही. शिक्षकाने आपली शंका मुलाच्या वाटेत आडवी येऊ दिली नाही, तर काय घडू शकते, हे या प्रसंगातून दिसते.

महाराष्ट्रातूनही विद्यार्थी त्यांच्याकडे गेले. कोल्हापूरचे विनायक मासोजी हे कलाभवनाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक; ते पुढे तेथेच शिक्षक झाले. धारवाडला जन्मलेले दिनकर कौशिक हेही त्यांचे शिष्य. त्यांनी नंतर कलाभवनाचे प्राचार्यपद सांभाळले आणि आपल्या गुरूंचे चरित्रही लिहिले.

कला कोणासाठी?

अगदी लहान मुलांसाठी नंदलालांनी केलेले एक काम बंगालमधील घराघरांत पोहोचले. १९३० साली रवींद्रनाथांचे ‘सहज पाठ’ हे बंगाली अक्षरओळखीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे नंदलालांची होती. लिनोलियमवर कोरून छापलेली ती काळी-पांढरी चित्रे साधी आणि ठसठशीत आहेत. रंगीत छपाई न परवडणाऱ्या पुस्तकातही मुलाला उत्तम चित्र मिळू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. बंगालच्या कितीतरी पिढ्यांनी अक्षरांबरोबर ही चित्रेही गिरवली. त्याच वर्षी त्यांनी काठी घेऊन दांडीच्या वाटेवर निघालेल्या गांधीजींचे चित्र याच तंत्राने केले. तेही तितकेच प्रसिद्ध झाले.

शिक्षणात कलेचे स्थान काय असावे, यावर त्यांनी लिहिलेही आहे. त्यांच्या मते भाषा आणि विज्ञान यांच्या बरोबरीने कलेला शिक्षणात जागा मिळायला हवी. कारण डोळ्यांचे शिक्षण अपुरे राहिले तर माणसाचे शिक्षणच अपुरे राहते. कला म्हणजे श्रीमंतांची चैन, या समजाला त्यांनी ठाम विरोध केला. मातीची भिंत सारवून स्वच्छ ठेवणारा, आपली मोजकी भांडी आणि फाटकी गोधडी नीटनेटकी मांडणारा गरीब संथाळ, आणि मोठ्या इमारतीतल्या खोलीत कपडे व वस्तू अस्ताव्यस्त टाकणारा सुशिक्षित विद्यार्थी, यांची तुलना करून त्यांनी सौंदर्यबुद्धी पैशाने येत नाही हे दाखवले. उपाय सांगतानाही ते व्यवहार सोडत नाहीत. वर्गात चांगली चित्रे लावावीत, मुलांना संग्रहालये आणि जुनी वास्तुशिल्पे दाखवावीत, ऋतूप्रमाणे बदलणारी शेते, फुले, पाखरे यांच्याशी त्यांची ओळख करून द्यावी, ऋतूंचे उत्सव करावेत, वर्षातून एकदा मुलांच्या हस्तकृतींचे प्रदर्शन भरवावे. यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही.

कला गावाची आणि गरिबाची असली पाहिजे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणून दाखवला. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे भरले. गांधीजींनी सजावटीचे काम नंदलालांकडे सोपवले. त्यांनी बांबू आणि आसपास मिळणारे साधे साहित्य वापरून अधिवेशननगरी उभी केली, आणि गांधीजींनी जाहीरपणे त्यांचे कौतुक केले. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या अजिंठ्यात ते विद्यार्थी म्हणून आले होते, तो डोंगर फैजपूरपासून फार दूर नाही. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रफलक रंगवले. सहकाऱ्यांनी केलेल्या प्रती धरून ती संख्या सुमारे चारशेवर गेली. हातकागद, पुठ्ठा आणि मातीचे रंग एवढ्यावर ते काम झाले. त्या फलकांवर राजेमहाराजे नाहीत. तेथे कुंभार आहे, चांभार आहे, सुतार आहे, वाजंत्री आहे, सूत कातणारी स्त्री आहे, बैल आवरणारा शेतकरी आहे. ज्या श्रमिक जातींना समाजाने हीन लेखले, त्यांच्या श्रमाला या चित्रांत प्रतिष्ठा मिळाली आणि ती चित्रे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही पाहता येतील अशी लावली गेली.

बौद्ध विषयही त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा आले. त्यांतील एका कथेला त्यांच्या घरची किनार आहे. रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकात अजातशत्रूच्या काळातील श्रीमती या नर्तकीची कथा आहे. बुद्धपूजेवर बंदी असताना तिला स्तूपासमोर नाचण्याची आज्ञा होते. ती नृत्यालाच वंदना बनवते, अंगावरचे अलंकार एकेक उतरवते, आतील भिक्खुणीचे वस्त्र प्रकट होते आणि ती मृत्यू स्वीकारते. १९२६ च्या प्रयोगात नंदलालांची कन्या गौरी हिने श्रीमतीची भूमिका केली. प्रतिष्ठित घरातील मुलीने रंगमंचावर नृत्य करणे त्या काळी समाजाला रुचणारे नव्हते. पुढे १९४२ मध्ये शांतिनिकेतनच्या चीनभवनाच्या भिंतीवर नंदलालांनी हीच कथा रंगवली.

संविधानाची पाने

स्वातंत्र्यानंतर संविधानाची मूळ प्रत हाताने लिहून सजवण्याचे ठरले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समितीने घडवलेल्या त्या शब्दांना प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सुंदर अक्षरात उतरवले, आणि सजावटीचे काम नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे आले. वयाच्या पासष्टीनंतर त्यांनी हे काम एकट्याने न करता शिष्यांना हाताशी घेतले, हे त्यांच्यातील शिक्षकाला शोभणारेच होते. बाबासाहेबांच्या कार्याची परंपरा सांगणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांना त्या ग्रंथाविषयी विशेष आदर आहे. त्याच्या भागांच्या आरंभी सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतची चित्रे आहेत. त्यांत भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे, धम्माचा प्रसार करणारा सम्राट अशोक आहे, नालंदा महाविहाराची मुद्रा आहे. अखेरच्या तीन भागांवर मात्र कोणी राजा नाही, कोणी वीर नाही. तेथे हिमालय आहे, वाळवंट आहे आणि समुद्र आहे. देशाचा इतिहास सांगून झाल्यावर या चित्रकाराने शेवटचा शब्द निसर्गाला दिला.

त्या ग्रंथावरील अशोकस्तंभाच्या सिंहांचे रेखाटन दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याकडे होते. सिंह खरे वाटावेत म्हणून नंदलालांनी त्याला कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंहांचे निरीक्षण करण्यास सांगितले, अशी आठवण आहे. सारनाथचा स्तंभशीर्ष समोर असताना नक्कल करणे सोपे होते. पण ज्या कारागिराने सम्राट अशोकासाठी ते सिंह घडवले, त्यानेही सिंहाचा बांधा जाणूनच छिन्नी धरली असणार. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी सिंह पाहायला हवा. अजिंठ्यात मिळालेला धडा गुरूने चाळीस वर्षांनी शिष्याच्या हाती दिला.

१९५४ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हजारो कलाकृती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. कलाभवनात दरवर्षी त्यांच्या जन्मदिवसाच्या आधी, १ आणि २ डिसेंबरला, ‘नंदन मेळा’ भरतो. विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या हातच्या वस्तू तेथे विकतात.

तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीला स्थान आहे. जे समोर आहे ते पूर्ण भानावर राहून, घाई न करता जाणणे, हा तिचा अर्थ आपण मुलांना आनापानाच्या तासाला समजावून सांगतो. त्यानंतर चित्रकलेच्या तासाला मात्र तेच मूल फळ्यावरचा डोंगर उतरवून घेते, आणि दहावीच्या वर्षी तर तो तासही गणिताला दिला जातो. घर सोडून आलेल्या, बोलायला बुजणाऱ्या कितीतरी मुलांना त्या एका तासात आपले काही सांगता आले असते. नंदलालांचे जीवन वाचल्यावर या नुकसानीचा अंदाज येतो.

यावर उपाय आपल्या आवाराइतका जवळ आहे. वर्षारंभी प्रत्येक मुलाने आवारातले एक झाड आपले म्हणून निवडावे आणि महिन्यातून एकदा त्याच्याजवळ बसून ते वहीत काढावे. पानगळ, पालवी, मोहर, त्यावर येणारी पाखरे, पावसात काळे पडणारे खोड, सारे टिपावे. रंग नसतील तर कोळसा, गेरू, चुना आहेच. शिक्षकांनी चित्राला गुण देण्याची घाई करू नये. मुलाशेजारी बसून तेच झाड स्वतःही काढावे. वर्षाअखेरीस त्या वह्या एका दोरीवर ओळीने लावल्या, तर कोणत्याही दोन वह्यांतले झाड सारखे नसेल.